‘भीमायन’मधील चित्रसंयोजन : चौकट आणि आच्छादन

चित्रसंयोजनाच्या अध्यापनात चौकट आणि आच्छादन यांची ओळख अवकाशनिर्मितीची साधने म्हणून करून दिली जाते. चौकट दृष्टीला सीमित करते. एक आकृती दुसरीला अंशतः झाकते, तेव्हा झाकणारी जवळची व झाकली जाणारी दूरची ठरते. ही व्याख्या युरोपीय यथार्थदर्शनाला पुरेशी असली, तरी दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी चितारलेल्या ‘भीमायन’ (नवायन, २०११) या ग्रंथापुढे ती अपुरी पडते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवरील या इंग्रजी चित्रग्रंथाची संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची आहे. चित्रकथेतील रूढ चौकोनी घरे परधान गोंड परंपरेतील या दांपत्याने नाकारली. घराच्या भिंतींवर व जमिनीवर रेखाटल्या जाणाऱ्या ‘दिग्ना’ या मांगलिक आकृतिबंधाच्या वळणदार पट्ट्या त्यांच्या जागी येतात. त्या प्रसंग वेगळे करतात, पात्रांना कोंडत नाहीत. स्पर्शाच्या सीमा आखणाऱ्या समाजाची कथा सांगताना या नकाराला आशयाचे मूल्य प्राप्त होते.

आच्छादनाचे कार्य याहून सूक्ष्म आहे. आगगाडी सर्प होते, दौलताबादचा किल्ला हिंस्र श्वापद होतो. एक आकृती दुसरीला झाकत नाही, तिच्यात शिरते. अंतराऐवजी नाते सूचित होते. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहप्रसंगी ध्वनिक्षेपकांतून पाण्याच्या धारा बरसतात : नाकारलेले पाणी आणि उच्चारलेला शब्द एकाच रेषेत येतात. संवादांचे फुगेही तसेच. मृदू बोलणे पक्ष्याच्या आकारात, तर दंश करणारे बोलणे विंचवाच्या नांगीसह. (मराठी वाचकाला हे रूपक समजावून सांगावे लागू नये.)

हे संयोजन सर्वत्र सारखे यशस्वी नाही. आरक्षणाविषयी कुरकुरणाऱ्या तरुणाशी बसथांब्यावर होणारा संवाद ही या कथेची निवेदनचौकट. ती प्रबोधनाच्या भाराने वाकते. दाट मजकुरामुळे काही पृष्ठांवर वाचनक्रमही हरवतो. तथापि याच चौकटीतून २००६ चे खैरलांजी ग्रंथात येते. खैरलांजी भंडारा जिल्ह्यातील. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये त्यातूनच वेगळा झाला.

देवरीसारख्या गोंडबहुल तालुक्यात म्हणून हा प्रश्न दूरचा राहत नाही. विद्यार्थ्याच्या चित्रात हरणाच्या शिंगांतून झाड उगवले, तर परीक्षकाने त्याला यथार्थदर्शनातील दोष म्हणावे काय, हे मूल्यमापनापूर्वी ठरवावे लागेल.