दोन फ्यूजची मोटार

पुस्तकाचे परीक्षण करतात तसे तारजोडणीच्या आराखड्याचेही करता येते. आम्ही येथे निवडलेला आराखडा १९६२ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एमजीबी या दोन आसनी मोटारीचा आहे. ती १९८० पर्यंत बनत होती आणि आजही हौशी लोक ती जपतात, चालवतात. जिची ही गाडी त्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्याच मॉरिस ऑक्सफर्डवरून आपली अँबॅसेडर आली, तेव्हा हे घराणे आपल्याला अगदीच परके नाही.

सुरुवातीच्या एमजीबीत फ्यूज दोनच. एकावर हॉर्न वगैरे, दुसऱ्यावर वायपर, ब्रेकचे दिवे इत्यादी. पुढच्या मोठ्या दिव्यांना आणि इग्निशनला फ्यूजच नाही. विद्युत सामान पुरवणाऱ्या लुकास कंपनीला इंग्रज ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, पण ही रचना निव्वळ निष्काळजीपणाची नव्हती. रात्री वळणावर एकच फ्यूज उडून दोन्ही दिवे विझले तर काय होईल, याचा विचार तिच्यामागे दिसतो. कारण आम्हाला पटते. उपाय मात्र पटत नाही. डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळा फ्यूज दिला असता तर एक गेला तरी दुसऱ्याच्या प्रकाशात गाडी कडेला घेता आली असती.

फ्यूज नसण्याची किंमत किती? दिव्याकडे जाणारी तार १ चौरस मिलिमीटर जाडीची, ३ मीटर लांबीची धरू. तिचा रोध सुमारे ०.०५ ओहम. वाटेत पत्र्याच्या भोकाच्या धारेवर घासून तिचे आवरण फाटले आणि ती गाडीच्या सांगाड्याला टेकली, तर बॅटरी आणि बाकीचा मार्ग यांचा रोध ०.०१ ओहम धरून धारा निघते २०० अँपिअर, आणि त्या तारेत निर्माण होणारी उष्णता २००० वॅट. पाणी तापवण्याच्या मोठ्या हीटरची ही उष्णता पेन्सिलीहून बारीक तारेत, पेट्रोलच्या शेजारी! बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून ती वीज निरुपद्रवी, असे विद्यार्थी सर्रास मानतात. धोका झटक्याचा नसून आगीचा आहे.

आता जे दोन फ्यूज आहेत त्यांच्याकडे पाहू. त्यांवर ३५ अँपिअर असे छापलेले असते. लुकासच्या पद्धतीत हा फ्यूज वितळण्याचा आकडा आहे. सतत वाहू शकणारी धारा १७ अँपिअरच. आजच्या चपट्या, पात्यासारख्या फ्यूजवरचा आकडा मात्र सतत धारेचा असतो. जुना ३५ चा काढून आजचा ३५ चा बसवणारा माणूस संरक्षण निम्म्यावर आणतो आणि आकडा जुळला म्हणून समाधान मानतो. आमची खरी तक्रार येथे शालेय मांडणीशी आहे. फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो, असे वर्गात बहुधा सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याचे पहिले काम तारेचे रक्षण हे आहे. म्हणून फ्यूजचा आकडा पुढच्या सर्वांत बारीक तारेवरून ठरवायचा आणि फ्यूज बॅटरीच्या जितक्या जवळ बसेल तितका बसवायचा. कारण त्याच्या अलीकडची तार तो वाचवू शकत नाही. एमजीबीत बॅटरी आसनांच्या मागे आणि स्टार्टर पुढे इंजिनापाशी. मधली जाड केबल फ्यूजविना गाडीच्या पोटाखालून धावते. तिच्यासाठी बॅटरीपाशी मुख्य स्विच हाच सोपा इलाज.

हौशी मंडळींची आवडती सुधारणा म्हणजे प्रखर हॅलोजन दिवे. ५० वॅटच्या दोन दिव्यांना ८.३ अँपिअर लागतात, १०० वॅटच्यांना १६.७. धारा दुप्पट, तारेतील उष्णता चौपट, आणि ही सारी धारा डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून! येथे रिले हवाच. मग स्विचमधून फक्त रिलेच्या वेटोळ्याची, अँपिअरच्या छोट्या अंशाएवढी धारा जाते. मोठ्या धारेसाठी जाड, फ्यूज असलेली नवी तार बॅटरीकडून थेट टाकता येते. काही जण नवा कोरा बारा फ्यूजचा डबा बसवतात आणि मागच्या कडक झालेल्या तारा तशाच ठेवतात, याला काय म्हणावे?

एका दोषापुढे सगळे फ्यूज हतबल आहेत. गंजलेल्या जोडाचा रोध ०.१ ओहम झाला, तर दिव्याचा रोध तोच धरून धारा ८.३ वरून ७.८ वर उतरते. धारा कमी झालेली, फ्यूज उडेल कशाला? पण त्या हरभऱ्याएवढ्या जोडात सुमारे ६ वॅट उष्णता सतत साठत राहते आणि प्लॅस्टिक काळे पडू लागते. हा दोष शोधायला मल्टिमीटर पुरे. दिवे लावून त्याची टोके जोडाच्या दोन बाजूंना टेकवावीत. चांगल्या जोडावर व्होल्टचा एखादा शतांश दिसतो; वर सांगितलेल्या जोडावर पाऊण व्होल्टच्या वर.