हातगुण पडद्यावर

आपल्याकडे चांगल्या सर्जनची ओळख एका शब्दात होते: हातगुण. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ एवढं शेजारणीनं सांगितलं की घरचे दुसरी चौकशी करत नाहीत. हा शब्द श्रद्धेचा असला तरी खोटा नाही. आजार तोच, ऑपरेशन तेच. पण एका सर्जनचा रुग्ण चौथ्या दिवशी घरी जातो आणि दुसऱ्याचा जखमेत पू होऊन पंधरा दिवस पडून राहतो, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. हा फरक नेमका कशामुळे पडतो हे मात्र सांगता येत नसे, कारण पोटाच्या आत काय घडलं ते पाहणारे डोळे फार थोडे असत. शस्त्रक्रियेत शिरलेल्या डिजिटल तंत्राचा विचार करताना मला याच शब्दापासून सुरुवात करावीशी वाटते. रोबोचे लांबलचक हात सगळ्यांच्या नजरेत भरतात. पण या तंत्रानं हातगुण पाहता येईल, मोजता येईल अशा उजेडात आणला, हे त्याचं सर्वांत मोठं काम आहे, आणि नेमकं त्याच कामाकडे शल्यविद्येचं आज सर्वांत कमी लक्ष आहे.

एरिक म्यूहे यांनी जर्मनीत १९८५ साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना वेड्यात काढलं. त्या सुमारास दुर्बिणीला बहुधा स्वतःचा डोळा लावूनच पाहावं लागे. सर्जन वाकून एकटा बघणार आणि मदतनीस अंदाजानं हत्यार धरून उभा राहणार. दुर्बिणीच्या टोकाला छोटा व्हिडिओ कॅमेरा बसला आणि चित्र पडद्यावर आलं, तेव्हा हे एकटेपण संपलं. भूलतज्ज्ञ, परिचारिका, कोपऱ्यात उभा असलेला निवासी डॉक्टर, सगळ्यांना सर्जनला दिसतं तेच दिसू लागलं. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. ही सुरुवात सरकारी रुग्णालयात झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण पडदा जसा दाखवतो, तसा फसवतोही. दुर्बिणीचं तंत्र झपाट्यानं पसरलं त्या पहिल्या काही वर्षांत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेच्या दुपटी-तिपटीनं वाढलं. ही इजा साधी नव्हे. ती झालेला रुग्ण पुढे वर्षानुवर्षं कावीळ, ताप आणि पुन्हापुन्हाची ऑपरेशनं भोगू शकतो. अमेरिकेत लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ प्रकरणांचा अभ्यास करून २००३ साली निष्कर्ष मांडला. ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण हाताचं नव्हतं, डोळ्याचं होतं. सर्जनला पडद्यावर मुख्य नलिका दिसत होती आणि तो तिला पित्ताशयाची छोटी नलिका समजत होता. खात्रीनं, सफाईनं त्यानं चुकीची नळी कापली होती. ही फसगत टाळण्यासाठी सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली आग्रहानं मांडलेला नियम आजही सर्वांत भरवशाचा आहे: पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून मोकळा करा, आत जाणाऱ्या दोनच नळ्या दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसू द्या, तोवर कात्री लावू नका. यासाठी नवं यंत्र लागत नाही, थांबण्याची शिस्त लागते.

आता रोबोकडे येऊ. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ‘दा विंची’ला २००० साली परवानगी दिली आणि पुढची वीस वर्षं रोबो म्हणजे तेच यंत्र, असा जवळजवळ समज झाला. हा रोबो स्वतः काहीही ठरवत नाही, हे रुग्णाला कुणीतरी स्वच्छ सांगायला हवं. सर्जन टेबलापासून काही फुटांवर कन्सोलवर बसतो, खोलीचा अंदाज देणारं मोठं चित्र पाहतो आणि बोटं हलवतो. यंत्र त्या हालचालीतली थरथर काढून टाकतं आणि मनगटासारखं वळणारं बारीक हत्यार आत हलवतं. ओटीपोटाच्या तळाशी, प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग जोडताना जे टाके घालावे लागतात, तिथे हे मनगट वरदान आहे. सर्जनच्या मानेचं आणि पाठीचं दुखणं कमी होतं, तेही थोडं नाही. मात्र या यंत्रानं बरीच वर्षं स्पर्श काढून घेतला. ऊती किती ताणली आहे, गाठ किती टणक आहे, हे बोटाला कळत नव्हतं. डोळ्यानं ताडावं लागे. जोराची जाणीव हाताला परत देणारं मॉडेल यायला २०२४ उजाडलं.

रुग्णाला काय मिळालं, याचा हिशेब जाहिरातींपेक्षा बराच साधा आहे. ब्रिस्बेनमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता रोबोच्या व उघड्या शस्त्रक्रियेनंतर सारखीच आढळली. गुदाशयाच्या कर्करोगावर दहा देशांत ४७१ रुग्णांची चाचणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. दुर्बीण सोडून पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोनं खात्रीनं घटवलं, असं सिद्ध झालं नाही. आणि २०१८ची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी तर हादरवून गेली. ६३१ स्त्रियांपैकी निम्म्यांवर उघडी, निम्म्यांवर दुर्बिणीची किंवा रोबोची शस्त्रक्रिया झाली. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेनंतर ९६.५ टक्के, तर छोट्या छिद्रांच्या शस्त्रक्रियेनंतर ८६ टक्के होतं. छिद्रं छोटी, वेदना कमी, घरी लवकर. आणि कर्करोग मात्र जास्त स्त्रियांमध्ये परतला. ही चाचणी होण्याआधी जगभर कितीतरी वर्षं हीच पद्धत आधुनिक म्हणून सुचवली जात होती, याचं मला आजही दुःख वाटतं. नवं हत्यार आधी आणि पुरावा मागून, ही सवय या शास्त्राला लागली आहे. ती मोडली पाहिजे.

शिकवण्याच्या बाबतीतही रोबोनं एक जागा रिकामी केली आहे. उघड्या शस्त्रक्रियेत शिकाऊ डॉक्टर समोर उभा राहून काहीतरी धरतो, ओढतो, बांधतो. गुरूच्या हाताचा वेग त्याच्या हातात उतरतो. कन्सोलवर मात्र सर्जन एकटा पुरतो. अमेरिकेतल्या शिक्षण-रुग्णालयांचा अभ्यास करून मॅथ्यू बीन यांनी २०१९ साली दाखवलं, की निवासी डॉक्टरांना हाताशी फार थोडं काम मिळतं आणि जे खरोखर तरबेज होतात ते बरंचसं आडवाटेनं, स्वतःच सराव करून. सराव-यंत्रं यावर काही अंशी उपाय आहेत. कोहळ्यावर, दुध्यावर छेद घेण्याचा सराव सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. पडद्यावरचा सराव हे त्याचंच पुढचं रूप. येल विद्यापीठात २००२ साली झालेल्या छोट्या चाचणीत आभासी सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय सोडवण्याचं काम २९ टक्के कमी वेळात केलं आणि चुकाही कमी केल्या. हा सराव अभ्यासक्रमात सक्तीचा असावा, असं माझं ठाम मत आहे.

दूरवरून शस्त्रक्रिया हा विषय वर्तमानपत्रांना आवडतो. झाक मारेस्को यांनी सप्टेंबर २००१मध्ये न्यूयॉर्कहून स्ट्रासबर्ग शहरातल्या रुग्णाचं पित्ताशय काढून दाखवलं. पण जगातल्या सुमारे ५०० कोटी लोकांना साधी, सुरक्षित शस्त्रक्रियासुद्धा वेळेवर मिळत नाही, असं २०१५च्या ‘लॅन्सेट’ आयोगानं नोंदवलं आहे. त्यांना समुद्रापारच्या हाताआधी जवळचा भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि न जाणारी वीज हवी आहे.

मला जास्त आशा वाटते ती मिशिगनमधल्या एका साध्या प्रयोगातून. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या वीस सर्जननी आपापल्या एकेका ऑपरेशनचा व्हिडिओ दिला. नाव लपवून तो इतर सर्जनना दाखवला आणि त्यांनी हाताच्या कौशल्याला गुण दिले. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला: सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांमध्ये गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वांत जास्त गुणांच्या गटात ५.२ टक्के. मृत्यूंमध्येही तसंच अंतर होतं. शेजारणीनं सांगितलेला हातगुण इथे आकड्यात उतरला. त्यासाठी लागला तो फक्त रोजचा कॅमेरा आणि दुसऱ्यासमोर आपलं काम ठेवण्याची तयारी.

ती तयारीच दुर्मीळ आहे. परिषदांत दिसतात ते निवडक, देखणे व्हिडिओ. रक्तस्राव झालेला, गोंधळ उडालेला भाग बहुतेकदा पुसला जातो. कोर्टाची भीती खरी आहे, तिला मी हलकं लेखत नाही. म्हणून शिकण्यासाठी, नाव काढून ठेवलेल्या नोंदीला कायद्याचं संरक्षण मिळावं, अशी मागणी सर्जनांच्या संघटनांनीच लावून धरायला हवी. रुग्णाला द्यायच्या नोंदीसाठी मात्र कशाचीही वाट पाहण्याचं कारण नाही. तालुक्याच्या गावातल्या छोट्या इस्पितळातही आता दुर्बिणीचा कॅमेरा असतो आणि पडद्यावरचं चित्र जपून ठेवता येतं. पित्ताशय काढण्याआधी, कात्री लावण्यापूर्वीच्या क्षणी, त्या दोन नळ्यांचा फोटो घ्यावा आणि तो रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डाला जोडावा.