'फर्जंद'मधील हेर आणि त्याची भाषा

दिग्पाल लांजेकर यांच्या 'फर्जंद' (२०१८) या चित्रपटाचा परामर्श बहुधा ऐतिहासिक वीरपट म्हणून घेतला जातो. वास्तविक त्याची घडण हेरपटाची आहे. आदिलशाहीच्या ताब्यातील पन्हाळा १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी घेतला. १६६६ मध्ये खुद्द महाराजांचा छापा जेथे फसला होता, तेथे हे यश आले. असे यश आतील बातमीवाचून संभवत नाही, हे ओळखून दिग्दर्शकाने बहिर्जी नाईकास कथेच्या केंद्राजवळ आणले, आणि ही निवड योग्यच होय.

प्रश्न उद्भवतो तो भाषेचा. चित्रपटातील स्वराज्याची माणसे संस्कृतप्रचुर, ओजस्वी मराठी बोलतात. शत्रूच्या, विशेषतः बेशकखानाच्या, तोंडी उर्दूच्या वळणाची बोली येते. पात्राने तोंड उघडताच ते कोणत्या पक्षाचे, हे प्रेक्षकास कळते. संवादलेखनाची ही केवळ सोय आहे असे म्हणून भागणार नाही. या चित्रपटाचे राजकारण घोषणांत कमी आणि या भाषिक विभागणीत अधिक आहे.

सतराव्या शतकातील व्यवहार मात्र तिला दुजोरा देत नाही. 'फर्जंद' हा नायकाच्या नावातील शब्दच मूळचा फारसी, अर्थ, पुत्र. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रसंगी येणारा बहिर्जी 'जासूद' आहे, आणि तो शब्दही अरबी-फारसी परंपरेतून आलेला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तो राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे पन्हाळ्याच्या विजयानंतर. ज्या शुद्धीचा प्रयत्नच पुढे व्हावयाचा होता, ती चित्रपटाने आधीच पूर्ण करून टाकली आहे!

पलीकडची बाजूही तितकीच मिश्र होती. विजापूरच्या दरबारात सोळाव्या शतकापासून महसुली लिखापढीत मराठीस व ब्राह्मण कारकुनांस स्थान होते. पन्हाळ्याच्या विजयावर जयराम पिंड्ये याने त्याच काळात रचलेल्या संस्कृत 'पर्णालपर्वतग्रहणाख्याना'त आदिलशाही पक्षाचा गडावरील अधिकारी म्हणून एक नागोजी पंडित भेटतो. संस्कृतात लिहिणाऱ्या कवीस शत्रुपक्षात पंडित दाखविताना संकोच वाटला नाही, ही गोष्ट अभ्यासकाने मनात ठेवावी.

हेराचे सामर्थ्य याच मिश्रणात असते. दोन्ही गोटांची बोली ज्याच्या जिभेवर सहज रुळते, तोच शत्रूच्या दाराशी परका वाटत नाही. 'फर्जंद'मधील बहिर्जी (प्रसाद ओक यांनी तो समजून उभा केला आहे) वेष झटपट पालटतो, आणि प्रेक्षकही त्या युक्त्यांवर खूश होतो. परंतु दोन भाषांची सरमिसळ असलेला समाज चित्रपटाने पुसून टाकल्यामुळे त्याचे कौशल्य दाढी आणि पागोटे यांपुरते उरते. हेरपट म्हणून ही हानी थोडी नव्हे.

याच दिग्दर्शकाच्या 'फत्तेशिकस्त' (२०१९) या पुढील चित्रपटाच्या जाहिरातीत लाल महालावरील १६६३ च्या छाप्यास 'सर्जिकल स्ट्राइक' म्हटले गेले. २०१६ नंतर घरोघरी पोचलेला तो शब्द. 'जासूद' या शब्दास परका मानून 'गुप्तहेर' पसंत करणाऱ्या आपल्या कानांना इंग्रजीतील ही लष्करी परिभाषा शाहिस्तेखानाच्या प्रसंगी खटकली नाही.