डॉक्टरांचा हिशेब बरोबर होता

लॉरा पॉइट्रस हे नाव आपल्याला माहीत असतं ते स्नोडेनवरच्या 'सिटिझनफोर'मुळे. तिची त्याआधीची 'माय कंट्री, माय कंट्री' (२००६) ही डॉक्युमेंटरी मला जास्त मोलाची वाटते. अमेरिकी फौजा देशात असताना इराकमध्ये ३० जानेवारी २००५ला निवडणूक झाली, तिची ही गोष्ट. पॉइट्रसनं आठ महिने एकटीनं हे शूटिंग केलं.

डॉ. रियाध हे बगदादमधले सुन्नी डॉक्टर, सहा मुलांचे वडील आणि निवडणुकीतले उमेदवार. परकी फौज त्यांना नको आहे, निवडणूक मात्र हवी आहे. दवाखान्यात रोज हिंसेनं पोळलेली माणसं येतात. डॉक्टर अबू घरेबला जातात, तारांपलीकडच्या कैद्यांशी बोलतात. तरीही सुन्नींनी मतदान करावं हा हेका ते सोडत नाहीत.

बघताना वाटत राहतं, काय हा भाबडा भला माणूस! कॅमेऱ्यालाही ते तसेच दिसतात, आणि मला खटकतं ते इथेच. कारण डॉक्टर भाबडे नव्हते, त्यांचा हिशेब पक्का होता. तो कळायला या निवडणुकीचा नियम माहीत हवा. अख्खा देश एकच मतदारसंघ, जागा २७५, मत पक्षाच्या यादीला. भरवशाची जनगणना नव्हती, मतदारसंघ आखायला वेळ नव्हता, म्हणून ही सोय. आपल्याकडे एखाद्या गावानं 'रस्ता नाही तर मत नाही' म्हणून बहिष्कार टाकला, तरी त्या मतदारसंघाची जागा कुठे जात नाही. इराकमध्ये घरी बसणाऱ्याची जागाच दुसऱ्याच्या वाट्याला जात होती. नोव्हेंबर २००४मध्ये फलुजावर मोठा हल्ला झाला, सुन्नी पक्षांनी बहिष्काराची हाक दिली, डॉक्टरांच्या पक्षानंही माघार घेतली. फलुजा ज्या अनबार प्रांतात येतं तिथे मतदान झालं जेमतेम २ टक्के. आणि याच सभेला संविधान लिहायचं होतं!

'परकी फौज आहे म्हणजे निवडणूक खोटी' असं म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. अमेरिकेला आधी थेट मतदान नकोच होतं. ते आयातुल्ला सिस्तानींनी लावून धरलं, जानेवारी २००४मध्ये त्यासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले. ही शिया बाजू या सिनेमात मला फार पुसट वाटली. कॅमेरा एका घरात रमला की असं होतं. लोकांना मत हवंच होतं. ते कधी आणि कुठल्या नियमानं द्यायचं, हे मात्र बंदुकांच्या पहाऱ्यात, घाईघाईनं ठरलं.

डिसेंबर २००५च्या निवडणुकीत बहुतेक जागा प्रांतवार वाटल्या गेल्या. सुन्नी मतदार मोठ्या संख्येनं आले. संविधान त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, मंजूर झालं होतं.