संगणकाच्या डोक्यावर मेणबत्ती

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. त्यामुळे समीक्षा लिहायचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच जाहीर करतो. पण कोणतीही वस्तू हाती आली की तिची जमा आणि नावे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. परवा पुण्याच्या भाच्यानं कॉम्प्युटरला लावायची मेणबत्ती पाठवली, तेव्हाही तसंच झालं. पार्सल आधी सिंदी (मेघे) पाहून आलं. आमची सिंदी कंसात रेल्वेवाली. पण कंसातलं वाचतो कोण?

मेणबत्ती प्लास्टिकची. तिची शेपटी यूएसबीच्या भोकात खुपसली की दिवा लुकलुकायला लागतो. लुकलुकणं खरं वाटावं म्हणून असल्या दिव्यात बारीकशी चिप बसवतात; ती आकडेमोड करून उजेड कमीजास्त करते. आता पाहा, ज्योत हलते हा मेणबत्तीचा दोष. तिच्याजवळ बसून वाचणाऱ्यांनी त्यापायी डोळे चोळले. पुढे विजेचा दिवा आला आणि तो दोष गेला. आता त्याच दिव्याला तोच दोष पैसे देऊन चिकटवायचा! आमच्याकडे चुकीची नोंद खोडून पुन्हा तीच केली, तर मेमो मिळतो.

सौ. म्हणाली, "अहो, गंमत आहे ती!"

गंमतीला माझी ना नाही. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. लाकडी बैल नांगर ओढत नाही, पण तो पोराला खऱ्या बैलाला हात जोडायला शिकवतो. ही मेणबत्ती खरीबद्दल काय शिकवते? कॉम्प्युटर बंद पडला की हिनंही मान टाकायची!

खरं तर ह्या दोघांची सोयरीक आधीच झालेली आहे. पडद्याचा उजेड कॅन्डेलात मोजतात, आणि एक कॅन्डेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीचा उजेड. बऱ्याच लॅपटॉपांच्या पडद्यांना चौरस मीटरमागे 250 कॅन्डेला असतात. तेव्हा मेणबत्ती मापाच्या रूपानं आत बसलेलीच आहे. बाहेरून आणखी एक कशाला?

पण ह्या जातीचा एक शोध मी स्वतः पाहिला आहे. 2007 सालचा जून. मी सिंदीहून गाडीनं जाऊन-येऊन नोकरी करायचो. लोडशेडिंगचे दिवस. शाखेतली वीज गेली, मग यूपीएसनंही राम म्हटला. आमच्या कॅशियरनं मॉनिटरच्या डोक्यावर मेणबत्ती उभी केली. समोर एक आजी, पासबुक घेऊन. पऱ्हाटीच्या बियाण्याला पैसे हवे होते.

"काहो बाबू, मशीनचा वाढदिवस हाय का?"

आम्ही हसलो. मग तिनं विचारलं, "माह्ये पैसे यातच हायेत ना? मंग आत उजेड पाडा ना!"

आता हसू येईना. पूर्वी खतावणी होती. मेणबत्ती धरली की शिल्लक दिसायची. आता बंद पडद्यापुढे हजार मेणबत्त्या लावल्या तरी फक्त आपलंच तोंड दिसतं. मी खिशातले तीनशे पुढे केले. तिनं घेतले नाहीत. "माह्ये हायेत ना," एवढं बोलून ती गेली. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

ह्या वस्तूची समीक्षा तिनं तेव्हाच करून ठेवली. शोध लावणाऱ्यांनी मेणबत्तीचं रूप उचललं, काम नाही उचललं. सगळं बंद पडल्यावर चालू राहणं हे तिचं काम. आमच्या वर्ध्याच्या मगनवाडीत ह्याची जाण होती. तिथे 1934 साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानं 'मगनदीप' केला: बाहेरून येणाऱ्या रॉकेलवाचून, गावच्या तेलावर जळणारा दिवा. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस! दिवा विझला तर गावकऱ्यानं कोणाच्या तोंडाकडे पाहायचं, हा हिशेब त्यांनी आधी मांडला.

भाच्याची मेणबत्ती मी नावे टाकली. आहे टेबलावर, लुकलुकते आहे. खणात मात्र खरी मेणबत्ती, काडेपेटी आणि एक वही ठेवली आहे. वहीत काही लिहिलेलं नाही. पण त्या आजीसारखं कोणी आलं, तर निदान रक्कम टिपून, खाली माझी सही करून देता येईल.