यमकाचे एकक : दोहा, सोरठा आणि अभंग

जयपूरनजीकच्या आमेर येथे सतराव्या शतकात मिर्झा राजा जयसिंह यांच्या आश्रयाने बिहारीने ‘सतसई’ रचली. तीत दोह्यांसोबत काही सोरठेही आढळतात. दोह्याचे चरण अनुक्रमे १३ व ११ मात्रांचे. यमक सम चरणांच्या अंती. सोरठ्यात हा क्रम उलटतो आणि यमक विषम चरणान्ती, म्हणजे मुद्रित ओळीच्या मध्यावर येते. केवळ ओळींची अखेर पाहणाऱ्या अभ्यासकास सोरठा निर्यमक वाटेल. मोठ्या अभंगात ६, ६, ६ व ४ अक्षरांच्या चरणांपैकी दुसरा व तिसरा यमकबद्ध असतात. दोन ओळींत छापल्यास हा संबंधही झाकला जातो. म्हणून दोन्ही परंपरांच्या तुलनेत यमकाचे एकक ओळ नव्हे, चरण मानावे लागते.