नादामागचे हात : लाखेनमानच्या गिटाररचनेच्या निमित्ताने

संगीतरचनेतील नवतेची चर्चा करताना 'रूढिबाह्य तंत्र' आणि 'सर्जनशीलता' हे शब्द पुष्कळदा परस्परांचे पर्याय असल्यासारखे वापरले जातात. गिटारच्या तारा छेडण्याऐवजी दाबून मुक्या केल्या, पेटीच्या लाकडावर आघात केले, तारांवरून काचेची वा धातूची नळी फिरवली की रचना नवी ठरते, असा हा समज आहे. कवितेतील विरामचिन्हे गाळली की प्रयोग सिद्ध झाला, या समजाशी त्याचे जवळचे नाते आहे. तंत्राचे वेगळेपण आणि निर्मितीचे वेगळेपण यांत भेद करावयाचा, तर तो कोणत्या आधारावर, हा येथील मूळ प्रश्न होय.

जर्मन रचनाकार हेल्मुट लाखेनमान (जन्म १९३५) याची दोन गिटारवादकांसाठी लिहिलेली 'सालू फ्यूर कॉडवेल' (१९७७) ही रचना या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. शीर्षकातील अभिवादन आहे ते 'इल्यूजन अँड रिअॅलिटी' या ग्रंथाचा कर्ता, मार्क्सवादी समीक्षक ख्रिस्टोफर कॉडवेल याला. स्पेनच्या यादवी युद्धात फेब्रुवारी १९३७ मध्ये वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो मारला गेला. ग्रंथ त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. साहित्यसमीक्षेतील एक ग्रंथ गिटारच्या रचनेचा विषय व्हावा, ही गोष्टच लक्षणीय आहे.

लाखेनमानने आपल्या पद्धतीला 'वाद्यांचे मूर्त संगीत' अशा अर्थाचे नाव दिले. 'मूर्त संगीत' ही संज्ञा १९४८ मध्ये फ्रान्समध्ये पिएर शेफरने ध्वनिमुद्रित आवाजांपासून सिद्ध केलेल्या संगीतासाठी रूढ झाली होती. लाखेनमानने ती दृष्टी जिवंत वादनाकडे वळवली. आवाज कोणत्या वस्तूवर, किती दाबाने, कोणत्या हालचालीतून आणि कोणत्या प्रतिकारातून उत्पन्न झाला, हेच येथे ऐकावयाचे असते. 'प्रेसिऑन' (१९६९) या त्याच्या चेलोरचनेची स्वरलिपी म्हणूनच निष्पन्न होणाऱ्या स्वरापेक्षा हातांच्या कृती नोंदवते. अभिजात गिटारवादनाच्या शिक्षणात डावा हात सरकताना तारेवर उमटणारा किंचित घर्षणध्वनी दोष मानला जातो. तो लपवण्यात वर्षानुवर्षांचा रियाझ खर्ची पडतो. 'सालू'मध्ये या लपवलेल्या अवशेषालाच सामग्रीचा दर्जा मिळतो. नादामागचे श्रम प्रकट होतात.

रचनेच्या ओघात वादक कॉडवेलच्या ग्रंथातील मजकूर जर्मन अनुवादात, अक्षरे सुटी करून, तालबद्धपणे उच्चारतात. स्वतःला स्वतंत्र समजणारा कलावंत आपले स्वातंत्र्य ज्या सामाजिक संबंधांवर उभे आहे त्यांविषयी अनभिज्ञ असतो, हा त्या मजकुराचा रोख आहे. शब्दाचे गीत होत नाही आणि गिटार साथीला येत नाही. अर्थ आणि आघात शेजारी शेजारी उभे राहतात. कॉडवेलचा विचार येथे केवळ उद्धृत होत नाही. वाद्य ज्या बंधनांनी घडले आहे त्यांची जाणीव करून देणाऱ्या वादनातून तो कृतीत उतरतो. तंत्र आणि आशय यांचा हा अन्योन्यसंबंध हेच या रचनेचे सामर्थ्य होय.

तंत्र स्वतः काहीच सिद्ध करत नाही, हे एका भारतीय उदाहरणावरून स्पष्ट होईल. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून, तारांवर धातूचा तुकडा सरकवून ती रागसंगीतात आणली. 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) या ध्वनिमुद्रिकेमुळे हे वादन घरोघरी पोचले. पडद्यांनी तोडलेले सातत्य त्यांनी मींडेसाठी परत मिळवले. लाखेनमानच्या रचनेतही तारांवरून नळी फिरते. परंतु तेथे घसरणे हे गेय सातत्यासाठी नसून आवाजाची भौतिकता जाणवून देण्यासाठी असते. क्रिया बरीचशी सारखी, परंपरेशी असलेले नाते मात्र निराळे; आणि अर्थ ठरतो तो या नात्याने.

सौंदर्य म्हणजे सवयीला नकार, ही लाखेनमानची भूमिका १९१७ मध्ये श्क्लोव्हस्कीने मांडलेल्या अपरिचितीकरणाच्या सिद्धान्ताच्या जवळ जाते. त्या सिद्धान्ताची अडचणही तिच्या वाट्याला येते. नकाराचीही सवय होते. एके काळी धक्का देणारे आघात आणि घर्षणे आज नव्या संगीताच्या शब्दसंग्रहात स्थिरावली आहेत. शिवाय, जो श्रोता अभिजात गिटारच्या मधुर नादाशी परिचित नाही, त्याला येथे नेमके काय नाकारले जात आहे हे कसे उमगावे? समाजाला उद्देशून केलेले हे अभिवादन अखेर त्याच सुशिक्षित मैफलीच्या दालनात पोचते, जिच्याविषयी कॉडवेल साशंक होता. या अंतर्विरोधामुळे रचना उणी ठरत नाही. मात्र तो दृष्टीआड केला, तर तिची तंत्रे केवळ अलंकार म्हणून उरतील, आणि त्यांमागचे हात पुन्हा एकदा दिसेनासे होतील.